रजिस्टर पत्राची पोच

केझॉन सिटी,
१५ ऑगस्ट २०२४

प्रिय मानांग चोलेंग,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घ्यावा तसा दुरूनच तुझा हात कपाळाला लावते.

तू पाठवलेला गिनामोसचा, आंबवलेल्या कोळंबीचा डबा मिळाला. झाकण नीट बसलं नव्हतं, त्यामुळे कुरियरवाल्याने तो दोन बोटांत, अंगापासून लांब धरून आणला. घरी नेईपर्यंत प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवला, तर दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या दारावर चिठ्ठी: ‘ज्यांचं कुणाचं मेलं असेल त्यांनी कृपया घेऊन जावं.’ मनिलाच्या पोरांना आपल्या सान रोकेच्या कोळंबीचा वास सोसत नाही. मी मात्र तीन दिवस भाताबरोबर तोच खाल्ला.

माझी तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. तुझा रक्तदाब कसा आहे? तुझ्या नोनॉयचा पाय पावसाळ्यात अजून दुखतो का?

क्रिस्टेल बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. एप्रिलमध्ये इथे मनिलात तिचं पित्ताशय काढलं. तिसऱ्या दिवशी चालत घरी आली. आता खडे बरणीत घालून येईल त्याला दाखवते. अगदी मेर्लिंडाची लेक शोभते.

मे महिन्यात मी फोनवर पालाब्रिका डॉक्टरांचं नाव घेतलं तेव्हा तू ‘कढई करपतेय’ म्हणालीस आणि ठेवून दिलास. नंतर तीनदा केला. तिन्ही वेळा नोनॉयच्या बायकोने उचलला आणि तू चर्चमध्ये गेल्याचं सांगितलं. मंगळवारी दुपारी दोन वाजता आपलं चर्च बंद असतं, मानांग. म्हणून हे पत्र. पत्र मधेच बंद करता येतं, पण त्याला कढईचं कारण सांगता येत नाही.

सुरुवातीपासून सांगते, कारण यातलं काही तुला ठाऊक नाही आणि काही माझ्याआधी ठाऊक होतं.

फेब्रुवारीत क्रिस्टेलचा निरोप आला. ऑपरेशन ठरलं होतं, आणि भूलतज्ज्ञ बाईंनी तिला फॉर्म भरताना विचारलं होतं, ‘घरात कुणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता का?’ पोरीने मला लिहिलं: ‘तीता लुडी, मी जन्मले तेव्हा आई टेबलावरच गेली. सगळे हृदय बंद पडलं म्हणतात. खरंच हृदयच होतं ना?’

मी तो निरोप उभ्याने वाचला. मेर्लिंडा माझी मामेबहीण, माझ्याच वयाची, आपल्या घरातच अर्धी वाढलेली. तिला भूल दिली आणि ती गेली. आपला भाऊ एफ्रेन, त्यालाही भूल दिली आणि तो गेला. एकाच रक्ताची दोन माणसं. आणि मी कोण, तर गेली एकोणतीस वर्षं ज्या विषयावर पोट भरते तो विषयच हा. विद्यापीठात माझ्या दारावर पाटी आहे त्याची. इतक्या वर्षांत मी ही दोन मरणं एका ओळीत लिहून पाहिली नव्हती.

मी क्रिस्टेलला ऑपरेशन पुढे ढकलायला लावलं. तिचं रक्त तपासलं, माझंही तपासलं.

तू सहावीला विज्ञान शिकवायचीस, म्हणून तसंच सांगते. आपल्या प्रत्येक स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं. मेंदूकडून हुकूम आला की पेशीच्या आवरणातलं एक चॅनल तो हुकूम ऐकतं आणि आतल्या कोठाराच्या दाराला कळवतं. त्या दाराला आम्ही रिसेप्टर म्हणतो. दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आवळतो. लगेच दार मिटतं, कॅल्शियम परत आत ओढलं जातं, स्नायू सैल पडतो. तू हात उचलतेस आणि खाली ठेवतेस तेव्हा हेच घडतं. तो रिसेप्टर म्हणजे पाच हजार मण्यांची माळ आहे. आपल्या घरात त्यातला एक मणी वेगळा आहे. एरवी काही कळत नाही. माणूस नाचतो, पोहतो, म्हातारा होतो. पण विशिष्ट भुलीचे वायू त्या दाराला लागले की दार उघडतं आणि मिटत नाही. अंगातला प्रत्येक स्नायू आवळत राहतो, पेटल्यासारखा तापतो. जबडा बसतो. ताप बेचाळीसच्या वर जातो. वेळेवर एक औषध मिळालं तर माणूस वाचतो. एफ्रेनच्या वेळी ते औषध आपल्या बेटावर कुठेच नव्हतं.

तो मणी क्रिस्टेलमध्ये आहे. माझ्यातही आहे. म्हणजे तो आपल्या आईकडून, नानायकडून आला, तिच्या भावाकडूनही पुढे मेर्लिंडात गेला. प्रत्येक मुलात जायची शक्यता निम्मी. आणि दर भुलीला झटका येतोच असंही नाही, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो. क्रिस्टेलला ते वायू टाळून, शिरेतून दुसरी औषधं देऊन भूल दिली. एवढंच करायचं होतं. एवढंच केलं की माणूस तिसऱ्या दिवशी चालत घरी येतो.

म्हणजे एफ्रेनला पालाब्रिका डॉक्टरांनी मारलं नाही.

हे वाक्य मी चार वेळा खोडलं. मग म्हटलं, आता आपल्या घरात खोडाखोड पुरे.

तो दिवस तुला माझ्यापेक्षा नीट आठवत असणार, तू बावीस वर्षांची होतीस. मी तेराची. एफ्रेन कायमितोच्या झाडावरून पडला, कोपर मोडलं. दवाखान्याच्या दारात तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मी झोपून उठेपर्यंत माझी कायमितो खाऊ नकोस.’ अर्ध्या तासाने आतून पळापळ ऐकू आली. डॉक्टर बाहेर आले, कपडे घामाने भिजलेले, आणि नर्सवर ओरडले, ‘बर्फ, जेवढा मिळेल तेवढा.’ नर्स जागची हलेना. तेव्हा ते स्वतः धावले. मासळीबाजारातून बर्फाची गोणी खांद्यावर घेऊन आले, पायात एकच चप्पल. सगळ्या बाजाराने पाहिलं. कोळणी हसल्या. ते परत आत गेले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा बर्फाला धावले. तीन खेपा केल्या. शेवटी आपल्याला आत बोलावलं तेव्हा एफ्रेन बर्फात ठेवलेला होता आणि तरी त्याचं कपाळ चटका बसावा इतकं गरम होतं. हात लाकडासारखा. नानायने तो सरळ करायचा प्रयत्न केला, सरळ होईना.

गावाने काय ठरवलं ते तू जाणतेस. रस्त्यात धावणारा, ओरडणारा, एक चप्पल घातलेला माणूस म्हणजे तुबा, माडाची ताडी, प्यायलेला. संध्याकाळपर्यंत तेच खरं झालं. त्यांच्या भिंतीवर कुणीतरी होडीच्या निळ्या रंगाने ‘खुनी’ लिहिलं. तो रंग समुद्राच्या पाण्यात टिकतो, भिंतीवर तर वर्षानुवर्षं टिकला.

मग चौकशी आली, आणि तू माझी तयारी करून घेतलीस.

‘तुला वास आला होता. आठव.’

‘नाही गं, मानांग.’

‘ते तुझ्या अंगावरून गेले ना? तुबाचा वास आला असणार. घाबरलेली होतीस म्हणून विसरलीस. आठव.’

तू मला खोटं बोल असं एकदाही म्हणाली नाहीस. आठव, म्हणालीस. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी मला आठवलं.

चौकशीला मी तुझे बूट घातले होते, पुढे कागदाचे बोळे कोंबून. टेबलामागे तिघं बसले होते. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने फार मऊ आवाजात विचारलं, ‘मुली, डॉक्टर जवळून गेले तेव्हा तुला काही जाणवलं?’

‘तुबाचा वास आला, सर.’

डॉक्टर समोरच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. उत्तरपत्रिकेत चूक सापडावी आणि ती कशी झाली ते कळू नये, तसं पाहिलं. त्यांना विचारलं, ‘मुलाला ताप का चढला?’ ते म्हणाले, ‘मला माहीत नाही.’ ते खरंच होतं. तिथे कुणालाच माहीत नव्हतं. पण ज्याला माहीत नसतं तो दोषी दिसतो, आणि ज्याला वास आलेला असतो तो निरागस. तीन वर्षांसाठी परवाना गेला. ते बायकोमुलीला घेऊन मिंदानावला निघून गेले, ते परत आले नाहीत.

त्यांच्या अंगाला खरं तर माशांचा वास येत होता, मानांग. गोणीचा.

तू म्हणशील, तेराव्या वर्षाची गोष्ट, पोर होतीस. मीही तेच म्हणत आले. आणखी एक आधार होता मला, तो तुला चांगला ठाऊक आहे. १९९१च्या नाताळात मी घरी आले होते. नानाय अंगणात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, ‘लुडी, त्या डॉक्टरने पत्र लिहिलं. चूक कबूल केली, क्षमा मागितली. चोलेंगने वाचून दाखवलं. मी क्षमा केली बाई. आता मोकळी झाले.’

ती मोकळी झाली आणि मीही झाले. माणसाने स्वतःच कबुली दिली म्हणजे तो प्यायलेलाच होता. म्हणजे मी खोटं बोलले तरी ते खरंच निघालं. त्या रात्री मी आठ वर्षांनी शांत झोपले. नानाय तीन वर्षांनी गेली, तीही शांत गेली. मी ओसाकाला गेले. तिथल्या प्रोफेसरांनी जो विषय हातात दिला तो घेतला: स्नायूतलं कॅल्शियमचं दार. लोक विचारतात, याच विषयाकडे कशा वळलात? मी सांगते, योगायोग. शास्त्रीय नियतकालिकांत मुलांच्या केसेस यायच्या, बसलेला जबडा, लाकडासारखे हात, बर्फ, बेचाळीस ताप. मी त्या वाचून पान उलटायची. आमच्या घरातलं मरण वेगळं होतं, ते दारूने झालं होतं. त्याची कबुलीसुद्धा आलेली होती.

जूनमध्ये मी मिंदानावला, कोरोनादालला डॉक्टरांकडे गेले. माफी मागायला, असं स्वतःला सांगून.

डॉक्टर चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मुलीकडे राहतात. ओसरीत बसून सुपात मूग निवडत होते.

‘कोण?’

‘सान रोकेहून. लुडिविना. एफ्रेनची बहीण.’

त्यांनी मान वर केली नाही. एक खडा काढून बाजूला ठेवला.

‘मोठी की धाकटी?’

‘धाकटी.’

‘मग बस. मोठी असतीस तर उभंच ठेवलं असतं.’

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मी बसले आणि वाटेत पाठ केलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाले, ‘मला वास आला नव्हता, डॉक्टर.’

‘ठाऊक आहे. मला पोटाचा अल्सर होता. तुबा प्यायलो असतो तर तुझ्या भावाच्या आधी मीच गेलो असतो.’

मी रडायला लागले. ते म्हणाले, ‘रडायचं तर रड, पण मुगावर नको.’ थोड्या वेळाने विचारलं, ‘काय करतेस?’ मी सांगितलं. विषय सांगितला. तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसले. ते हसणं मला फार वाईट लागलं.

‘म्हणजे तू पुस्तकातून शिकलीस. मी डुकरांकडून शिकलो.’

परवाना परत मिळाला तरी त्यांना कुणी ठेवून घेतलं नाही, म्हणून त्यांनी डुकरं पाळली. विलायती जातीची. एकदा ट्रकमध्ये चढवताना एक डुकरीण घाबरली आणि ताठ झाली. त्यांनी हात लावला तर तव्यासारखी तापलेली. ‘तो हात मी ओळखला,’ ते म्हणाले. ‘तुझ्या भावाचा दंड मला असाच लागला होता.’ तिथल्या शेतकी कॉलेजातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे ते वर्षानुवर्षं मासिकं मागायला जात राहिले. १९९१मध्ये त्यांना छापील उत्तर मिळालं: डुकरांतलं ते जनुक सापडलं होतं, आणि माणसांतही तसंच काही असावं असं लिहिलं होतं.

‘मग इतकं ठाऊक असताना तुम्ही नानायला कबुली का दिलीत?’

‘कसली कबुली?’

‘पत्रात. चूक झाली, क्षमा करा म्हणून.’

त्यांनी सूप खाली ठेवलं. मुलीला हाक मारली, ‘ती निळी फाइल आण गं.’

पत्राची कार्बन कॉपी होती. टाइप केलेली, दीड पान. तुला ती पाठ असेल, तरी लिहिते: ‘माननीय बाईसाहेब, आपल्या मुलाच्या मृत्यूचं कारण मला आता समजलं आहे असं वाटतं. हा आनुवंशिक दोष आहे, डुकरांतही तो सापडला आहे. माझ्या निर्दोषपणाबद्दल मी लिहीत नाही. आपल्या कुटुंबातल्या कुणालाही, कुठेही शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देण्यापूर्वी कृपया डॉक्टरांना हे पत्र दाखवावं.’ खाली कोणती औषधं द्यायची नाहीत त्यांची नावं. माझ्या हाताखालची मुलंही आज त्यात फारसं काही घालू शकणार नाहीत. क्षमा हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

मी म्हणाले, ‘हे आमच्यापर्यंत पोचलंच नसेल.’

त्यांनी कॉपीला टाचलेला गुलाबी कागद पुढे केला. रजिस्टर पत्राची पोच. त्यावर सही. सोलेदाद, तुझं कागदावरचं नाव, आणि सुरुवातीच्या एसला तू काढतेस ती लांब शेपटी. तुझ्या त्या सहीने माझी सगळी प्रगतिपुस्तकं भरली आहेत, मानांग. मला दुसऱ्यांदा बघायची गरज पडली नाही.

विमानात मी तुझ्यासाठी कारणं शोधत होते. पहिलं कारण मला लगेच सापडलं: पत्रात डुकरांचा उल्लेख होता. ज्या माणसाने आपलं लेकरू मारलं असं आपण मानतो, तो आठ वर्षांनी लिहितो की तुमचा मुलगा डुकरासारखा मेला. संताप येणारच. नानायला ते वाचून दाखवणं तुला जमलं नसेल, म्हणून तू तोंडाने दुसरंच पत्र वाचलंस. तिला बरं वाटेल असं. इथपर्यंत मी तुझ्याबरोबर येते. खरंच येते.

दुसरं कारण म्हणजे, तुला ते पटलंच नसेल. थापा मारतोय, असं वाटलं असेल. या कारणावर मी घरी पोचेपर्यंत टिकून होते. मग नोनॉयचा पाय आठवला.

१९९६. नोनॉय आठ वर्षांचा, मांडीचं हाड मोडलं. इस्पितळाने ऑपरेशन सांगितलं आणि तू त्याला उचलून हाडवैद्याकडे नेलंस. सगळं गाव तुला वेडी म्हणालं. ओसाकाहून मी फोनवर भांडले: ‘शिक्षिका असून अशी कशी अडाण्यासारखी वागतेस?’ तू एवढंच म्हणालीस, ‘माझं पोर मी टेबलावर ठेवणार नाही.’ मला वाटलं, एफ्रेनची भीती आहे. पाय वाकडा जुळला, तो जन्माचा लंगडा झाला, पण जगला. म्हणजे तुला पटलं होतं. अक्षरन्‌अक्षर पटलं होतं.

आता जे लिहायचं ते मी पहिल्या पानापासून टाळत आले. गिनामोस, फ्रीज, गुडघा, सगळं त्यासाठीच चाललं होतं.

जुलैत मी बोयेतला भेटले. मेर्लिंडा गेल्यापासून त्या माणसाने दुसरं लग्न केलं नाही. मी त्याला १९९८चा तो दिवस पुन्हा सांगायला लावला. दोन दिवस कळा, मग जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. तो मच्छीमार, कागद बघून घाबरणारा, म्हणून बरोबर तू गेलीस. थोरली, शिकलेली. मेर्लिंडाची पिशवी तुझ्या हातात होती. नर्सने घाईघाईत प्रश्न विचारले: रक्तगट, आधीचे आजार. मग विचारलं, ‘घरात कुणाला भुलीचा त्रास?’

बोयेत म्हणाला, ‘मी मानांगकडे पाहिलं. मला एफ्रेनचं अर्धवट ठाऊक होतं, पण ते दारूमुळे झालं असंच ऐकलेलं. मानांग म्हणाली, नाही. कुणाला नाही.’

‘लगेच म्हणाली?’

‘नाही. थोडी थांबली. मग म्हणाली.’

त्या थांबण्याबद्दल मी महिनाभर विचार करतेय. तू त्या क्षणी काय तोलत होतीस? ‘हो’ म्हणालीस तर नर्स विचारणार, कुणाला? तू म्हणणार, भावाला. मग डॉक्टर विचारणार, कसा गेला? आणि तुला ते पत्र सांगावं लागणार, सात वर्षांपूर्वीचं. मग गावात कळणार की पालाब्रिका निर्दोष होता, तुझ्या बहिणीने खोटी साक्ष दिली, नानायने ज्या कबुलीला क्षमा केली ती कबुली नव्हतीच. दर मे महिन्यात एफ्रेनच्या स्मृतिदिनी चर्चमध्ये उभी राहून तू ‘बेपर्वाईचा बळी’ म्हणतेस, ते सगळं कोसळणार. एवढं सगळं एका पारड्यात. दुसऱ्यात मेर्लिंडा, कळा देणारी, तुला मानांग म्हणणारी.

कदाचित तुला वाटलं असेल, दर वेळी थोडंच होतं? निम्मी शक्यता. तिच्यात नसेलही. तू निम्म्यावर खेळलीस. आपल्या पोराच्या बाबतीत मात्र खेळली नाहीस.

मी स्वतःला यातून वगळत नाही. मेर्लिंडा गेली त्या आठवड्यात मी ओसाकात सशाच्या स्नायूतलं तेच दार उघडतं कसं आणि मिटतं कसं, त्याच्या रेघा कागदावर उमटवत होते. तुझा फोन आला: ‘हृदय बंद पडलं.’ मी रडले आणि एकही प्रश्न विचारला नाही. ताप होता का? हात ताठ होते का? मला विचारता आलं असतं, जगात फार थोड्या लोकांना आलं असतं. विचारलं असतं तर उत्तर माझ्या साक्षीपर्यंत येऊन पोचलं असतं, म्हणून विचारलं नाही. तुझ्याकडे पत्र होतं, माझ्याकडे सगळं शास्त्र होतं. आपण दोघी बहिणी शोभतो.

डॉक्टरांना मी निघताना विचारलं होतं, ‘तुम्हाला काय देऊ?’ ते म्हणाले, ‘माफी देऊ नकोस आणि मागूही नकोस, माझ्याकडे ठेवायला जागा नाही. कागद दे. सहीशिक्क्याचा. वैद्यकीय मंडळाकडे पाठव. निकाल मी मेल्यावर आला तरी चालेल, माझ्या मुलीला पोचेल.’ तो कागद मी २८ जूनला दिला. चौकशीत मी खोटं बोलले, मला तसं आठवायला शिकवलं गेलं, असं त्यात लिहिलं आहे. शिकवणाऱ्याचं नावही लिहिलं आहे. वकिलांनी विचारलं, नाव घालायलाच हवं का? मी म्हटलं, इतकी वर्षं एकच नाव घालून झालं, आता दुसरं.

नानायकडच्या सगळ्या नातेवाइकांचे पत्ते मी बोयेतकडून आणि क्रिस्टेलच्या फेसबुकवरून जमवले. सव्वीस घरं. आपल्या बेटावर, मनिलात, दोन दुबईत, एक इटलीत. सोमवारी सव्वीस पत्रं टाकली. प्रत्येकात हा दोष काय आहे ते लिहिलं, रक्त कुठे तपासून मिळेल ते लिहिलं, माझी साक्ष लिहिली. डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स जोडली, आणि पोचेचीही. पोचेवरची सही झाकावी का, यावर मी एक आख्खी दुपार घालवली. झाकली नाही. कुणीतरी विचारणारच की इतकी वर्षं हे कुणाकडे होतं, आणि मला पुन्हा कुणाच्या तरी अंगावर खोटा वास चिकटवायचा नव्हता.

तुझं पत्र मी मुद्दाम शेवटी टाकतेय. हे हातात पडेपर्यंत गावात पाच घरी तरी ती पोचलेली असतील. बाजारात तुझ्याशी कुणी बोललं नाही तर कारण शोधत बसू नकोस. हा दुष्टपणा आहे, आणि मी तो समजून उमजून केला आहे.

सोबत दोन कार्डं आहेत, प्लास्टिकमध्ये घातलेली. एक नोनॉयचं, एक तुझं. भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवायची. नोनॉयच्या पायावर आज चांगलं ऑपरेशन होऊ शकतं, सुरक्षित भूल देऊन. त्याने हो म्हटलं तर मी इथे सगळी व्यवस्था करते. ते त्याला ठरवू दे, तू ठरवू नकोस. तुझ्या रक्ताची तपासणी झालेली नाही म्हणून तुझ्या कार्डावर तो रकाना कोरा सोडला आहे. तरी दोष आहे असंच धरून चाल. कार्ड कपाटात ठेवू नकोस, अंगाजवळ ठेव. तुला काही होऊ नये असं मला अजून वाटतं, आणि हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

तुला क्षमा करायचा अधिकार माझा नाही, ज्यांचा होता त्यातली एक गेली आणि एकाला ती वस्तू ठेवायला जागा नाही. उत्तर लिहिलंस तर वाचीन. फक्त तेव्हा नानायला जे वाचून दाखवलंस तसलं लिहू नकोस.

तुझी बहीण, जी आता तुला एकटीच उरली आहे,
लुडी